ढगांच्या अंदाजाची पडताळणी : टप्पा तिसरा

आकाशनिरीक्षणासाठी रात्र निरभ्र मिळेल का, याचे हवामान-मॉडेलांचे अंदाज आपण तपासतो आहोत. आधीच्या दोन टप्प्यांत अंदाज 'बरोबर' की 'चूक' एवढंच मोजलं होतं. ते मोजमाप आता बाद. समजा, १०० रात्रींपैकी ७० ढगाळ आणि ३० निरभ्र निघाल्या. रोज सरसकट 'ढगाळ' म्हणणारासुद्धा ७० टक्के बरोबर ठरतो, पण निरीक्षणाची एकही रात्र हाती लागत नाही. जुनीच फसगत आहे ही: १८८४ मध्ये अमेरिकेत जॉन फिनली यांच्या टॉर्नेडोच्या अंदाजांची अचूकता ९६.६ टक्के निघाली होती. 'टॉर्नेडो नाही' असं कायम म्हटलं असतं, तर तीच ९८.२ टक्के भरली असती.

म्हणून आता चार खाने. त्याच १०० रात्रींत मॉडेलनं ३२ वेळा 'निरभ्र' म्हटलं आणि त्यातल्या २२ खऱ्या निघाल्या, असं धरा. मग फसव्या (म्हटलं निरभ्र, निघाल्या ढगाळ) १०, हुकलेल्या (म्हटलं ढगाळ, निघाल्या निरभ्र) ८, बरोबर ढगाळ ६०. सरळ अचूकता ८२ टक्के दिसते, पण 'निरभ्र'वर विश्वास ठेवून सामान मांडलं, तर ३१ टक्के वेळा फसगत. योगायोगानं बरोबर ठरणारा भाग वजा करणारा हाइडके गुणांक ०.५८ येतो (० म्हणजे निव्वळ योगायोग, १ म्हणजे अचूक). मॉडेलांची तुलना याच आकड्यावर करावी, आणि शेजारी 'आज जसं, तसंच उद्या' या अंदाजाचाही गुणांक लिहावा. त्याच्यापुढे जात नसेल, तर मॉडेलचा उपयोग नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो प्रत्यक्ष आकाश मोजण्यात. ऑल-स्काय (सगळं आकाश एका फोटोत टिपणाऱ्या) कॅमेऱ्यात क्षितिजाजवळचे ढग बाजूनं दिसतात, त्यामुळे खरी मोकळी जागा झाकली जाते. खस्वस्तिकापासून (थेट डोक्यावरच्या बिंदूपासून) ६० अंशांपर्यंतचाच भाग मोजा. पण मग १ किमी उंचीवरच्या ढगांसाठी आपण जेमतेम साडेतीन किमी व्यासाचं वर्तुळ पाहतो, आणि जीएफएस या अमेरिकी जागतिक हवामान-मॉडेलच्या ०.२५ अंशांच्या चौकटीची बाजू विषुववृत्तावर सुमारे २८ किमी असते. एका क्षणाच्या फोटोशी तुलना केली, तर मॉडेलवर अन्याय होतो. तोडगा म्हणजे तासाभराची सरासरी: सेकंदाला १० मीटर वेगानं सरकणारे ढग तासात ३६ किमी जातात, म्हणजे साधारण एक चौकट डोक्यावरून जाते. ढगांची सरासरी २५ टक्के किंवा कमी असेल तर 'निरभ्र', ही मर्यादा मॉडेल आणि कॅमेरा दोन्हींना एकच.

रात्री लाल-निळ्या रंगाच्या गुणोत्तरावर विसंबू नका, चंद्रप्रकाशानुसार ते बदलतं. त्यापेक्षा यादीतल्या ठळक ताऱ्यांपैकी किती सापडले ते मोजा. कॅमेऱ्याच्या पारदर्शक घुमटावर दव धरलं की सगळं आकाश ढगाळ ठरतं. रेझिस्टरांची गरम कडी लावाच. आकाशाचं तापमान मोजून उबदार ढग ओळखणारा एमएलएक्स९०६१४ सारखा अवरक्त सेन्सर जोडीला चांगला, पण दमट हवेत निरभ्र आकाशही त्याला उबदार दिसतं, आणि विरळ सिरस (उंचावरचा पातळ, तंतुमय ढग) त्याच्या नजरेतून सहज निसटतो.

सिरसचाच मुद्दा अंदाजातही नडतो. मॉडेल उंच ढग १०० टक्के दाखवतं आणि त्यातून ठळक तारे स्वच्छ दिसत असतात, कारण टक्केवारी व्याप्ती सांगते, जाडी नाही. म्हणून खालचे, मधले आणि वरचे थर वेगळे तपासा. एकूण आच्छादन बेरजेनं काढू नका: खाली ५० आणि वर ५० टक्के असतील, तर थर बरोबर एकावर एक आले की ५०, आणि स्वैर पसरले की ७५ टक्के. उलट्या बाजूला, तापमान-व्युत्क्रमाखालचा (वरची हवा खालच्यापेक्षा उबदार असते तेव्हाचा) पातळ स्ट्रेटस, म्हणजे सखल थराचा ढग, मॉडेलकडून वारंवार हुकतो. तो उपग्रहाच्या एकट्या औष्णिक चित्रावरही दिसत नाही, कारण त्याचं तापमान जमिनीच्या जवळपास असतं, रात्री ३.९ आणि १०.८ मायक्रॉन तरंगलांबीच्या चित्रांमधला फरक पाहावा लागतो.

वेळेच्या दोन चुका दुरुस्त केल्या. जीएफएसच्या फायलींत क्षणाचं आच्छादन आणि काही तासांची सरासरी अशी दोन वेगळी मूल्यं असतात. त्यांची सरमिसळ झाली होती. शिवाय १२ यूटीसीचा (जागतिक प्रमाणवेळेचा) रन, म्हणजे त्या वेळेपासून सुरू होणारा मॉडेलचा अंदाज, १२ वाजता हातात नसतो, तो काही तासांनी येतो. निर्णय घेताना जो रन उपलब्ध होता, त्याचेच गुण धरायचे.

पुढच्या टप्प्यात एकाच अंदाजाऐवजी समूह-अंदाजातून (थोड्या वेगळ्या सुरुवातींच्या अनेक अंदाजांतून) 'निरभ्र'ची शक्यता काढून ब्रायर गुण, म्हणजे शक्यतेच्या अंदाजातली चूक, मोजायचे आहेत.