पळपुटे जर्मन?

आज अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्या एडवर्ड सॉलोमनबद्दल वाचताना एका तपशिलावर अडकलो. मे १८६३, चान्सलर्सव्हिलची लढाई. उत्तरेच्या अकराव्या कोअरची, म्हणजे अनेक रेजिमेंटच्या मोठ्या सैन्यदलाची, दाणादाण उडाली आणि वर्तमानपत्रांनी खापर फोडलं ते 'पळपुट्या जर्मनांवर', म्हणजे त्यातल्या जर्मन स्थलांतरित सैनिकांवर. कोअरमध्ये बिगर-जर्मन रेजिमेंटही पुष्कळ होत्या. त्या कुणाला दिसल्याच नाहीत!

सॉलोमन उत्तर युरोपातल्या श्लेस्विगमधून आलेला जर्मनभाषक ज्यू. पंचविशीच्या आत शिकागोचा नगरसेवक, मग युद्धात. त्याच्या ८२व्या इलिनॉय रेजिमेंटमध्ये एक अख्खी कंपनी शिकागोच्या ज्यूंनी उभी केलेली. चान्सलर्सव्हिलला रेजिमेंटचे प्रमुख कर्नल हेकर जखमी झाले, म्हणून जेमतेम दोन महिन्यांनी गेटिसबर्गच्या लढाईत रेजिमेंट सॉलोमनच्या हाती. तीच, कालपर्यंत टिंगल झालेली माणसं घेऊन हा तोफांसमोर उभा राहिला.

पुढे १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँटनी त्याला वॉशिंग्टन टेरिटरीचा (तेव्हा राज्याचा दर्जा नसलेल्या प्रदेशाचा) गव्हर्नर नेमलं. ती नेमणूक, वरून आलेली. मला जास्त भावलं ते नंतरचं: सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन तो कॅलिफोर्नियाच्या विधानसभेत पोचला, लोकांची मतं मागून.

एकाच्या चुकीचं बिल अख्ख्या जमातीवर फाडायची सवय जुनीच म्हणायची. पण मतं मागायला दारात आलेल्या सॉलोमनला कुणी चान्सलर्सव्हिलबद्दल छेडलं असेल का?