अकेडियातली पाण्याखाली जाणारी वाट

गेली चार वर्षं उन्हाळ्यात शनिवार-रविवारी मी बॉस्टनहून ग्रुप घेऊन अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या अकेडिया नॅशनल पार्कला जाते, सायकलिंग आणि हायकिंगची गाईड म्हणून. मागच्या जुलैमधला एक रविवार मात्र डोक्यातून जात नाही.

ग्रुप ११ जणांचा, बहुतेक मराठी, त्यात मुलीकडे आलेले अलिबागचे एक काका आणि त्यांचा नऊ वर्षांचा नातू. शनिवार मस्त गेला. ईगल लेकभोवती कॅरेज रोडवर सायकली, हे रस्ते धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर ज्युनियरनी १९१३ ते १९४० मधे घोडागाड्यांसाठी बांधून घेतले, ४५ मैल, मोटारींना बंदी, फक्त बारीक खडीचे असल्यामुळे उतारावर ब्रेक जपून मारायला लागतो. सायकलवर मी कायम एका माणसाला सगळ्यात मागे ठेवते, त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. ते काम काकांनी आपणहून घेतलं आणि चोख केलं, दमलेल्यांना गप्पा मारत मारत पुढे आणलं. संध्याकाळी साउथ बबल नावाच्या डोंगरावर चढून कड्याच्या टोकावरचा तो प्रचंड धोंडा ढकलतानाचे फोटो, ते तर सगळेच काढतात.

रविवारी बार आयलंड. बार हार्बर गावाच्या समोरच आहे हे बेट, ओहोटीला मधे खडीची पट्टी उघडी पडते, ओहोटीच्या आधी साधारण दीड तास आणि नंतर दीड तास चालत जाता येतं, मग पाणी. अडकलात तर पुढच्या ओहोटीची वाट बघत बसायचं. त्या दिवशी ओहोटी सकाळी १० ला होती, सगळ्यांना सांगितलं ११ च्या आत अलीकडे या, आणि एवढंसं तर अंतर म्हणून मागे कोणालाच ठेवलं नाही. चूक माझीच.

११ ला नऊच डोकी. मी पळत परत गेले, टेकडीवर हाका मारल्या, शेवटी दोघं बेटाच्या पलीकडच्या काठाला सापडले, दगड उलटून खेकडे बघत होते. "अगं, कुलाबा किल्ल्यात आम्ही गुडघाभर पाण्यातनं जातो," काका म्हणाले. खरंय, पण अलिबागला पाणी थोडं चढलं की घोडागाडी असते आणि पाणी कोमट असतं, इथं जुलैतही ते १० ते १५ अंश.

पट्टीच्या सखल भागात दोन्ही बाजूंनी पाणी शिंपल्यांमधून बुडबुडे काढत आत येत होतं, बघता बघता दोन्हीकडचं पाणी एक झालं. काकांनी पोराला खांद्यावर घेतलं. पोटऱ्यांपर्यंत पाणी, थोड्या वेळाने पायांना खालची खडी जाणवेनाशी झाली. एका शेवाळलेल्या दगडावरून काकांचा पाय सटकला, मी कोपर धरलं आणि ते पार काठापर्यंत सोडलं नाही, तेही काही बोलले नाहीत.

काठावर पोरगं स्वतःचा टी-शर्ट काढून आजोबांचे लाल झालेले पाय पुसत बसलं. मागे पट्टी दिसेनाशी झाली होती. काका बराच वेळ तिकडेच बघत होते, मग म्हणाले, "काल मागे मी होतो ना? आज पण सांगितलं असतंस तर मी शेवटचा माणूस निघेपर्यंत तिथंच उभा राहिलो असतो गं."

मला काही बोलताच आलं नाही. त्यांचे बूट उपडे करून पाणी काढत बसले.