चंदी ते चंदावर: जिंजी आणि तंजावरची चार दिवसांची भटकंती

जुन्या मराठी कागदपत्रांत जिंजीला चंदी म्हणतात आणि तंजावरला चंदावर. ही जोडगोळी लहानपणापासून कानांवर होती. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले 11 आपल्या महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. तेव्हाच ठरवलं की आता लांबवायचं नाही. जानेवारीत आम्ही चौघं निघालो.

महिना मुद्दाम सांगतोय. आपल्याला पावसाळी ट्रेकची सवय, पण तिकडचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. एप्रिल-मेमध्ये ग्रॅनाइटचे ते डोंगर तव्यासारखे तापतात. तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीच धरा.

चेन्नईहून तिंडिवनममार्गे बसने जिंजी साधारण दीडशे किलोमीटर. स्थानिक उच्चार 'सेंजी'. कंडक्टरला 'सेंजी कोट्टई' म्हटलं की कळतं, कोट्टई म्हणजे किल्ला. गावापासून किल्ला दोन-तीन किलोमीटरवर, तिरुवण्णामलै रस्त्याला लागून. रिक्षा मिळते.

पहिल्या दिवशी आमचा पार हिरमोड झाला. तीन वाजून गेल्यावर पोहोचलो आणि राजगिरी या मुख्य डोंगरावर सोडलं नाही, कारण अंधाराआधी सगळ्यांना खाली उतरवायचं असतं. खालचा कल्याण महाल, धान्याची प्रचंड कोठारं, हत्तींचा तलाव एवढं बघून परतलो. म्हणून कळकळीनं सांगतो, मुक्काम जवळ करा आणि सकाळी दार उघडताच तिकीट काढा. जिंजीत राहायची सोय बेताची आहे. आम्ही तिरुवण्णामलैला राहिलो, तासाभराचा रस्ता. फक्त पौर्णिमा टाळा. त्या रात्री तिथल्या अरुणाचल डोंगराच्या 14 किलोमीटरच्या प्रदक्षिणेला लाखो माणसं लोटतात, खोलीही मिळत नाही आणि बसही.

राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी असे तीन डोंगर आणि तिन्हींना कवेत घेणारा तट. सह्याद्रीतल्या गडांवर वाढलेल्या डोळ्यांना हे रूपच नवीन. इथे काळा ताशीव कडा नाही, घराएवढाले गोल धोंडे एकावर एक रचून ठेवल्यासारखे. तट बांधणाऱ्यांनी ते धोंडेच भिंतीत घेतलेत. कुठे डोंगर संपतो आणि कुठे बांधकाम सुरू होतं, ते दोन-दोनदा बघावं लागतं.

राजगिरीची चढण सुमारे 800 फूट. पायऱ्या चांगल्या आहेत, पण उंच. आम्हाला सव्वा तास लागला. माणशी दोन लिटर पाणी घ्याच, वर सावली फार थोडी. माकडं धीट आहेत, हातात पिशवी ठेवू नका. आमच्या एका मैत्रिणीच्या हातातून केळ्यांचा घड गेला तो गेलाच.

आणि मग तो पूल येतो. माथ्याच्या अलीकडे डोंगरच दुभंगलाय. मध्ये खोल घळ आणि पलीकडे बालेकिल्ल्याचा दरवाजा. पूर्वी इथे काढता-घालता येणारा लाकडी पूल होता. तो ओढून घेतला की संपलं! मी मधोमध उभा राहून खाली पाहिलं, तेव्हा पहिल्यांदा नीट उमगलं की औरंगजेबाचा सरदार झुल्फिकारखान याला हा किल्ला घ्यायला 1690 ते 1698 एवढी वर्षं का लागली. शिवाजी महाराजांनी 1677 मध्ये जिंजी घेतली आणि लगेच नवे तट, खंदक करायला लावले, अशी नोंद जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांत आहे. बारा वर्षांनी, रायगडाला वेढा पडल्यावर, राजाराम महाराज वेषांतर करून इथवर आले आणि इथूनच राज्य चाललं. माथ्यावर रंगनाथाचं छोटं देऊळ आहे. आम्ही तिथे अर्धा तास नुसते बसून होतो.

रस्त्यापलीकडचा कृष्णगिरी उंचीला कमी. पाय शिल्लक असतील तर तोही करा. माथ्यावरच्या घुमटाच्या दालनात वारा सुरेख येतो. खाली वेंकटरमण मंदिर चुकवू नका. पुदुच्चेरीच्या किनाऱ्यावर गांधीजींच्या पुतळ्याभोवतीचे दगडी खांब जिंजीहून नेलेले आहेत, हे माहीत असलं की पुढे तिकडे गेल्यावर पाय थबकतात.

विल्लुपुरमहून रेल्वेनं तंजावर. राजराज चोळांनी 1010 मध्ये पूर्ण केलेलं बृहदीश्वर मंदिर, साठ मीटरांहून उंच विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर. त्याची सावली जमिनीवर पडत नाही असं तुम्हालाही कुणीतरी सांगेल. पडते, आम्ही तीत उभे होतो. सकाळी लवकर जा. दुपारी गाभारा बंद असतो आणि अनवाणी पायांना फरशी चटके देते.

आवाराच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीशी मात्र वेळ काढा. तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी 1803 मध्ये आपल्या भोसले घराण्याचा इतिहास तिथे दगडात कोरून घेतलाय, मराठीत. आधी नुसत्या बारीक खाचा वाटतात. मग ऊन तिरपं झालं, एक ओळखीचा शब्द लागला, त्याच्या शेजारचा लागला, आणि भोवती सगळी तमिळ कुजबुज चालू असताना आम्ही चौघं मोठ्यानं मराठी वाचायला लागलो. दीड तासात पाच-सहा ओळी झाल्या. छोटी दुर्बीण नेली असती तर वरच्याही लागल्या असत्या, तुम्ही न्या. राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय आम्हाला घाईत बघावं लागलं. त्यासाठी वेगळा अर्धा दिवस ठेवा.