उमरेडकडील जुन्या रेल्वे स्थानकाची दुरुस्ती : माझा अनुभव

नागपूर–नागभीड हा 762 मिलिमीटर रुंदीचा नॅरोगेज मार्ग 2019 मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाला आणि त्यावरील लहान स्थानके ओस पडली. उमरेडच्या बाजूच्या एका गावातील ग्रामस्थांनी आपले दगडी स्थानक पाडू न देता तेथे वाचनालय करायचे ठरविले आणि मी नागपुरात जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचे काम करीत असल्यामुळे मला बोलावले. परवानग्यांना बराच वेळ लागला. मात्र मोजमापे, नकाशे आणि छायाचित्रे आधीच तयार असल्याने आमचे कागद परत आले नाहीत.

खरी कसोटी भिंतींची होती. तिकीट खिडकीखालचा गिलावा बोटाने दाबला तरी पोपडे सुटत आणि आत दगडावर पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार, फुललेला दिसे. मूळ जोडकाम चुन्याचे, त्यावर नंतर कोणीतरी सिमेंटचा जाड थर चढविलेला. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती कोंडून धरते, आणि मग क्षार दगडालाच पोखरू लागतात. म्हणून आणखी सिमेंट लावण्याचा कंत्राटदाराचा आग्रह आम्ही मानला नाही. छिन्नीने सगळा थर उतरवून भिंती नीट वाळू दिल्या. दुरुस्तीत हे थांबणेच सर्वांत महत्त्वाचे असते, असे माझे ठाम मत आहे.

कळीचा चुना हौदात विरवून, त्यात वाळू व सुरखी (विटांची भुकटी) घालून आणि हिरड्याचे व गुळाचे पाणी देऊन तो मळला. उलट्या थापीवरून माल निसटला नाही की वयोवृद्ध गवंडीकाका मान डोलावीत, तोवर भिंतीला हात लावू देत नसत. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो आणि तोवर त्याला ओलावा लागतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात तो तडकतो. त्यामुळे गिलावा दिवाळीनंतरच केला आणि त्यावर ओली गोणपाटे टांगली.

छताच्या सागवानी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या तिकोनी चौकटी, भक्कम निघाल्या. भिंतीत रुतलेली कुजकी टोके तेवढी कापून नवे सागवान सांधले. आता नव्या रुळांच्या उंच भरावावरून उतरणारे पाणी पायाशी साचू नये, यासाठी मागच्या बाजूने चर खणणे सुरू असून ते काम मृगाच्या पावसाआधी पूर्ण करायचे आहे.