एकाच टायर कंपनीची पाटी आम्ही का उतरवली

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. उत्तरेला शिरपूरच्या पुढे बिजासनचा घाट, दक्षिणेला लळिंगचा, सुरतेकडे निघालं की कोंडाईबारी. घाटात तापलेलं चाक घेऊन माणूस धुळ्यात थांबणारच, हे ओळखून आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांनी, १९८४ मध्ये पारोळा रोडला पंक्चरचं दुकान टाकलं. एक कॉम्प्रेसर, पाण्याचा हौद, दोन जॅक आणि रात्री दुकानातच झोपणारा एक मदतनीस. गिऱ्हाईक बहुतेक ट्रकवाले. नायलॉनचा टायर, आत ट्यूब, ट्यूब आणि रिममध्ये फ्लॅप नावाची रबरी पट्टी. हवा भरताना टायर रिमवर धरून ठेवणारी लोखंडी लॉक रिंग उडाली तर माणूस जायचा, असं ते काम. नाना रिंगची बाजू जमिनीकडे करूनच हवा भरायचे आणि आजूबाजूच्या सगळ्यांना लांब उभं करायचे. ड्रायव्हर कितीही घाईत असो, त्यांनी ही शिस्त मोडली नाही. आज नव्या पोरांना काम शिकवताना आम्ही सुरुवात तिथूनच करतो.

मग रिमोल्डची, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेल्या टायरची, एजन्सी आली. कापूस आणि केळी वाहणाऱ्या गाड्यांना मागच्या चाकांना रिमोल्ड चालायचा, पुढे मात्र नवाच टाका असा नानांचा आग्रह. गावाकडच्या बैलांच्या टायरगाड्यांना जुने टायर जायचे. कारचं गिऱ्हाईक तेव्हा फार नव्हतं. ते वाढलं मी दुकानात बसायला लागल्यावर. २००२ मध्ये आम्ही एका मोठ्या कंपनीची डीलरशिप घेतली. फक्त तिचाच माल, दर्शनी भागाला तिचाच रंग, वर तिचीच पाटी. दुकानाला काच लागली, एसी लागला, चाकं सरळ करायची आणि त्यांचा तोल साधायची, म्हणजे अलायनमेंट आणि बॅलन्सिंगची, मशिनं आली. त्या कंपनीने आम्हाला धंदा शिकवला, हे मी कधीही कबूल करीन. स्टॉक कसा फिरवायचा, बिल कसं करायचं, टायर कसा वाचायचा, सगळं त्यांच्या ट्रेनिंगमध्ये कळलं.

आणि गिऱ्हाईकही त्या पाटीवरच यायचं. आपल्या खान्देशात कंपनीवर लोकांचा जीव असतो. "भाऊ, आमना घरमा एकच कंपनी चालस," असं सांगणारे शेतकरी मी रोज बघत होतो. आजोबांच्या ट्रकला जी कंपनी होती तीच बापाच्या जीपला, तीच नातवाच्या स्विफ्टला. सचिनच्या बॅटवरचं एमआरएफ बघत तर माझी अख्खी पिढी वाढली. या निष्ठेला मी कमी लेखत नाही. ट्रकच्या धंद्यात एखाद्या कंपनीच्या टायरने वर्षानुवर्षं ओझं ओढलं असेल, तर तो विश्वास घामाचा असतो.

पण कारच्या टायरचा हिशोब वेगळा आहे, हे मला एका गुरुजींच्या गाडीने दाखवलं. साक्रीकडचे निवृत्त मुख्याध्यापक, वॅगन-आर. मुलं पुण्याला, त्यामुळे गाडी महिन्यातून दोन-तीनदा दवाखान्याला किंवा लग्नाला निघायची. टायरची नक्षी, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावरच्या खाचा, जवळजवळ नव्यासारखी होती. मी बोट फिरवलं तर साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बारीक भेगांचं जाळं. रिमजवळ लंबगोलात चार आकडे असतात, तिथे १४११ लिहिलेलं. म्हणजे २०११ सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला टायर, आणि तेव्हा चालू होतं २०१८. रबर चालवून जसं झिजतं तसं उभ्या उभ्या वाळतंही, आणि आपल्या उन्हात लवकर वाळतं. गुरुजी म्हणाले, "आमच्याकडे याच कंपनीचे आहेत, हेच चार द्या." माझ्याकडे त्या मापाचा जो माल होता तो बनून बरेच महिने झाले होते. समोरच्या दुकानात दुसऱ्या चांगल्या कंपनीचा ताजा माल पडला होता, हे मला माहीत होतं. वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला टायर झिजून बदलायची वेळ येणारच नाही, वयानेच बदलायची येणार. तिथे कंपनीपेक्षा तारीख मोठी. मी गुरुजींना समोर पाठवलं.

त्या दिवसापासून ही गोष्ट मनातून जाईना. गिऱ्हाईकाला जे हवं ते माझ्याच दुकानात मिळायला पाहिजे, आणि ते एकाच कंपनीत दर वेळी मिळणार नाही. त्याच वर्षी दिवाळीनंतर आम्ही पाटी उतरवली आणि पाच-सहा कंपन्यांचा माल ठेवायला सुरुवात केली. टार्गेटवर मिळणारी सूट गेली, स्कीम गेल्या. नाना तेव्हा थकले होते, पण गल्ल्याशेजारी बसून होते. ते एवढंच म्हणाले, "बिलावर तारीख लिहीत जा." तेव्हापासून आमच्या बिलावर प्रत्येक टायरचा आठवडा आणि वर्ष लिहिलेलं असतं.

आता दुकानात रोज विचारल्या जाणाऱ्या प्रश्नावर येतो: कोणती कंपनी चांगली? भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर आयएसआयची खूण सक्तीची आहे. २००९ च्या आदेशाने ती आली. म्हणजे नावाजलेल्या कुठल्याही कंपनीचा योग्य मापाचा टायर घेतला तरी सुरक्षिततेची किमान पायरी पार झालेली असते. खरा फरक त्यापुढे पडतो, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमधला फरक दोन कंपन्यांमधल्या फरकाहून मोठा असू शकतो. एक मॉडेल कडक रबराचं, जास्त किलोमीटर देणारं. दुसरं मऊ, पावसात धरून ठेवणारं, आवाज कमी करणारं, पण लवकर झिजणारं. दोन्हीवर नाव एकच. "मी अमुक कंपनीचेच घेतो" एवढ्यावर मला गिऱ्हाईकाची गरज कळत नाही. त्यात मॉडेल बदलत राहतात. पाच वर्षांपूर्वी ज्या नक्षीवर तुम्ही खूश होता, ती आज बंद झालेली असते.

आमच्याकडे एक टॅक्सीवाले दादा येतात, अर्टिगा, कायम सुरत आणि नाशिकच्या फेऱ्या. ते खिशात डायरी ठेवतात: टायर कधी टाकला, किती चालला, किती पंक्चर. त्यांच्यासाठी हिशोब पैशांत निघतो. समजा पाच हजारांचा टायर पन्नास हजार किलोमीटर गेला, तर किलोमीटरला दहा पैसे. चार हजारांचा पस्तीस हजार गेला, तर साडेअकरा पैशांच्या जवळ. स्वस्त टायर महाग पडला. पण हेच गणित गुरुजींच्या गाडीला लावून उपयोग नाही.

"कंपनी फिटिंगचा टायर आहे, म्हणजे तोच सगळ्यात चांगला," असंही लोक म्हणतात. गाडी बनवणारी कंपनी टायर निवडताना किंमत बघते, मायलेज बघते, आवाज बघते. निवड वाईट नसते, पण ती शोरूममधून निघणाऱ्या सगळ्या गाड्यांसाठी केलेली असते. शिंदखेड्याच्या आतल्या रस्त्यांसाठी नसते. तिथे मी साइडवॉल जरा दणकट असलेलं मॉडेल सुचवतो. माप मात्र गाडीच्या दारावरच्या पट्टीवरचंच. अर्टिगाला १८५/६५ आर १५ असेल तर त्यापुढचा आकडाही बघायचा. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. त्याहून कमी आकड्याचा टायर कुणी दिला, तर कंपनी कितीही मोठी असो, घेऊ नका.

निष्ठा एका ठिकाणी मात्र पाळावीच लागते, ती म्हणजे जोडी. एकाच एक्सलवरचे, म्हणजे पुढचे किंवा मागचे, दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि शक्यतो एकाच झिजेचे हवेत. डावीकडे एक नक्षी आणि उजवीकडे दुसरी असली, की ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. स्टेपनी लावून आठवडाभर फिरणाऱ्यांना आम्ही हे परत परत सांगतो. आणि दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे टाकायचे. यावर दुकानात सगळ्यात जास्त वाद होतो. "पुढची चाकं ओढतात, स्टिअरिंग पुढे, मग नवे मागे कशाला?" पुढची चाकं घसरली तर ड्रायव्हरला स्टिअरिंगमध्ये कळतं, तो पाय उचलतो, गाडी बहुतेक वेळा सावरते. पावसात मागचा भाग फिरला तर कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते. लळिंगच्या उतारावर पहिल्या पावसात हे ज्याने बघितलंय, तो परत वाद घालत नाही.

देशी-विदेशीचा वादही दुकानात रंगतो. नाशिकला सिएटचा कारखाना आहे. ही कंपनी १९२४ मध्ये इटलीतल्या तुरिनला सुरू झाली, १९५८ मध्ये भारतात आली आणि १९८२ मध्ये आरपीजी समूहाकडे गेली. उलट दिशेला पिथमपूरजवळ खेडा इथे ब्रिजस्टोनचा कारखाना आहे, १९९८ पासून, आणि पुढे ग्वाल्हेरजवळ बानमोरला जेके टायरचा. जपानी कंपनीचा टायर पिथमपूरचा आणि इटलीत जन्मलेलं नाव नाशिकचं. मुंबई-आग्रा रस्त्यालगतचे हे कारखाने आणि मधोमध आपलं धुळे.

कंपनीचं नाव खरोखर कामाला येतं ते क्लेमच्या, म्हणजे खराब टायरची भरपाई मागायच्या, वेळी. टायरला फुगा आला की गिऱ्हाईक म्हणतं माल खराब, कंपनी म्हणते खड्ड्यात आपटला. आतले धागे आपटून तुटले असतील तर तो बनावटीतला दोष धरत नाहीत. दोष निघाला तर उरलेली नक्षी मोजून तेवढ्या प्रमाणात पैसे वळते होतात. एका कंपनीने आमचे क्लेम महिनोन्महिने अडकवून ठेवले, म्हणून तिचा माल आम्ही बंद केला. गिऱ्हाईक कंपनीच्या नाही, आमच्या दारात उभं राहतं. काही कंपन्या आता ठरावीक मॉडेलवर खड्ड्याच्या नुकसानीचीही हमी देतात. खराब रस्त्यांवर फिरणाऱ्यांनी नावाआधी हे विचारावं, आणि ज्या दुकानात क्लेमचे कागद नीट भरले जातात तिथून घ्यावं.

एवढं सगळं बघून घेतलेला टायरही हवेअभावी मरतो. मे महिन्यात धुळे-जळगावला पारा ४४-४५ वर जातो, आणि "उन्हाळ्यात हवा कमी ठेवा" हा सल्ला गावोगाव दिला जातो. यामुळे फुटलेले टायर आम्ही पाहिलेत. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, प्रत्येक फेऱ्यात साइडवॉल वाकते, आतून गरम होते. शंभरच्या वेगाने समृद्धी महामार्गावर तासभर गेलं, की धागे सुटायला लागतात. दारावरच्या पट्टीवर लिहिलेली हवा, सकाळी, टायर थंड असताना भरायची. सामान आणि माणसं भरून निघणार असाल तर त्या पट्टीवरचा भरलेल्या गाडीचा आकडा. मे महिन्यात आमच्याकडे हवा तपासायला पैसे लागत नाहीत, टायर कुठूनही घेतलेला असो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ट्रॅक्टरच्या टायरवरचा ५ वर. त्या आठवड्यात जुन्या भावाचा माल अंगावर असताना आम्ही नवा भाव लावला, आणि दिवाळीपर्यंत दुकान भरलेलं होतं.

सध्या माझा पुतण्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या टायरमागे लागलाय. बॅटरीमुळे गाडी जड, पाय दिला की जोर लगेच चाकावर, त्यामुळे टायर लवकर झिजतो. या गाड्यांना जास्त भार पेलणारे टायर लागतात आणि त्यात निवड अजून कमी आहे. त्याने दोन कंपन्यांचा माल मागवलाय. त्या टॅक्सीवाल्या दादांसारखी एक वही त्याने केली आहे. गिऱ्हाईक अलायनमेंटला आलं की किलोमीटर आणि उरलेली नक्षी मोजून तिच्यात लिहून घेतो.