फायबरची लाइन आणि रस्ता खोदाईची परवानगी : निपाणी-चिक्कोडी भागातला माझा अनुभव

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचं काम घेणाऱ्याला माझं पहिलं सांगणं असं की केबलचे ड्रम, मजूर आणि जेसीबीचं वेळापत्रक नंतर लावा, आधी खोदाईच्या परवानगीचं लावा. आमच्याकडे, कर्नाटकाच्या या सीमाभागात, खोदायला वर्षातले मोजकेच महिने मिळतात. जूनमध्ये पाऊस लागला की रस्त्याला कुणी हात लावू देत नाही आणि काळ्या रानात चराचे काठही ढासळतात. पाऊस उघडून वाफसा येतो न येतो तोच गळीत हंगाम सुरू होतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस त्याच अरुंद रस्त्यावर असतात, समोरून गाडी आली की त्यांची चाकं साइडपट्टीवर उतरतात. गावातली माणसंही ऊसतोडीत गुंतलेली. मनासारखं काम होतं ते कारखाने बंद झाल्यावर, मे संपेपर्यंत. त्यामुळे अर्ज पावसाळ्यातच जायला हवा.

आमची फाइल अडकली ती रस्त्याच्या परवानगीत. कार्यालयाचं नाव घेत नाही, पण तिथली पद्धत सांगायलाच हवी, कारण तिच्यापायी अख्खा हंगाम हातचा जाऊ शकतो. त्रुटी एकदम कळवत नाहीत, एक भागवली की दुसरी काढतात. आधी म्हणाले, ‘या गावापासून त्या गावापर्यंत’ एवढं चालणार नाही, चेनेज द्या. म्हणजे किती किलोमीटर-मीटरपासून किती पर्यंत, रस्त्याच्या डाव्या अंगाला की उजव्या, आणि मध्यरेषेपासून चर किती मीटरवर. ते दिलं, तर प्रत्येक मोरी वेगळी दाखवा. मोरीखालून जाणार की बाजूने, रस्ता ओलांडताना उघडी खोदाई की मशीनने आडवं ड्रिलिंग. तेही दिलं, तर डांबरी भाग आणि साइडपट्टी यांची मापं वेगळी नाहीत, कारण दुरुस्ती खर्चाचा दर दोन्हींना वेगळा. त्यानंतर बँक गॅरंटीचा, म्हणजे रस्ता पूर्ववत करू याबद्दलच्या बँकेच्या हमीचा, मसुदा त्यांच्या नमुन्यात नाही. प्रत्येक वेळी फाइल खालच्या टेबलापासून पुन्हा वर. या सगळ्याची छापील यादी पहिल्याच दिवशी हातात दिली असती तर कुणाचं काय गेलं असतं? याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

कायदा अर्जदाराच्या बाजूचा आहे. 2016 च्या राइट ऑफ वे (केबल टाकायला जागा वापरण्याच्या हक्काच्या) नियमांत निर्णयाला 60 दिवसांची मुदत होती. 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या नव्या नियमांतही ठरलेल्या मुदतीत निर्णय न आल्यास परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद आहे. पण हातोहात दिलेल्या कागदावर मुदत कधी सुरू झाली हे सिद्ध करायला काही नसतं. म्हणून अर्ज गतिशक्ती संचार या सरकारी पोर्टलवरूनच टाका, आणि त्याची प्रत कार्यालयात देऊन आवक क्रमांकही घ्या. त्रुटी तोंडी सांगितली तर त्याच दिवशी पत्राने कळवा : ‘आपण अमुक मागितलंत, सोबत जोडलं आहे.’ मानीव परवानगीच्या भरवशावर मशीन मात्र रस्त्यावर उतरवू नका. सेक्शन ऑफिसरने काम थांबवलं तर जेसीबीचं भाडं चालूच राहतं.

अर्जाआधीच रस्ता नेमका कुणाचा हे लेखी काढून घ्या. एकाच सलग रस्त्याचा एक तुकडा जिल्हा पंचायतीचा, पुढचा सार्वजनिक बांधकाम खात्याचा, आणि हायवे ओलांडायचा तर त्याचं खातं निराळं. कारदग्याच्या बाजूला जवळचा म्हणून महाराष्ट्राच्या हद्दीतला रस्ता धरलात तर दोन राज्यांच्या फायली मागे लागतात. लांबचा पण एकाच राज्यातला रस्ता परवडतो.

जॉइंट इन्स्पेक्शनला, म्हणजे जागेवरच्या एकत्र पाहणीला, रस्त्याच्या खात्याच्या माणसाबरोबर गावचा पाणीपुरवठा बघणारा माणूसही न्या. जलजीवनचे पाइप साइडपट्टीतूनच गेलेत, आणि ते नकाशात दाखवलेल्या जागी असतीलच असं नाही. शंका आली तिथे हाताने खड्डा मारून बघा.

पुलांचा विचार सर्व्हेतच करा. वेदगंगा, दूधगंगा, कृष्णेवरचे भोजवाडी-कुन्नूर, जत्राट-भिवशी, कल्लोळ-येडूर असे सखल पूल मोठ्या पावसात पाण्याखाली जातात. कठड्याला लोखंडी पाइप बांधून केबल नेली तर वाहून आलेली झाडं त्यात अडकतात आणि क्लॅम्पसकट पाइप उपटतो. उंच पुलावरून वळसा घेता येत नसेल तर पाइप प्रवाहाच्या खालच्या अंगाला बांधा, आणि केबलचे जास्तीचे वेटोळे दोन्ही काठांवर पूररेषेच्या वरच्या चेंबरमध्ये ठेवा.

मालाबाबत थोडक्यात. 40/33 मिमी (बाहेरचा/आतला व्यास) डक्टचं, म्हणजे केबल ज्यातून जाते त्या प्लास्टिक पाइपचं, एक किलोमीटरचं वेटोळं पावणेचारशे किलोच्या पुढे जातं. ते उतरवायला माणसं किंवा हायड्रा क्रेन लागते आणि गावातल्या बोळात टेम्पो वळत नाही, म्हणून साठा फाट्यावरच्या मोकळ्या जागेत करा. वेटोळ्याच्या दोन्ही तोंडांना टोप्या हव्यात. चिखल आत गेला की हवेच्या दाबाने केबल ढकलणाऱ्या ब्लोइंग मशीनने ती पुढे सरकत नाही. ड्रम आला की उतरवायच्या आधी ओटीडीआर, म्हणजे फायबर तपासायचं यंत्र, लावा. 1550 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला किलोमीटरमागे 0.25 डीबीपेक्षा (डेसिबल) जास्त लॉस, म्हणजे सिग्नलची घट, दिसला तर ताबा घेऊ नका. चराची खोली 1.65 मीटर धरतात, पण खडक लागला तर कमी खोलीवर काँक्रीटचं संरक्षण द्यावं लागतं. त्याचा दर निविदेत आहे का, ते आधीच बघा.

एक राहिलंच. परवानगीपत्रावर काम संपवायची तारीख असते. पत्र मे अखेरीस मिळालं तर ती मुदत पावसातच वाया जाते, म्हणून पत्र स्वीकारतानाच मुदतवाढीचा अर्ज द्या. आणि चर बुजवण्याआधी टेप धरून खोलीचा फोटो काढा, चेनेज लिहिलेली पाटी त्यात दिसू द्या. बँक गॅरंटी परत मागायला जाल तेव्हा पहिल्यांदा हेच फोटो मागतात.