चिठ्ठ्यांचा डबा आणि मॅनेजरची पैसेवारी

21 मे 2025 च्या मध्यरात्री युरोपा लीग या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना आपल्याकडे साडेबारा वाजता सुरू झाला, तेव्हा परभणीतल्या आमच्या गच्चीवर मी आणि माझा पुतण्या मोबाइल पाण्याच्या टाकीला टेकवून बसलो होतो. पूर्वार्ध संपायला तीन मिनिटे उरली असताना टॉटनहॅमच्या एका क्रॉसवर, म्हणजे कडेने आत टाकलेल्या चेंडूवर, त्यांचा ब्रेनन जॉन्सन आणि मँचेस्टर युनायटेडचा ल्यूक शॉ दोघेही झेपावले, चेंडू शॉच्या अंगावर आपटला आणि रेषेच्या आत घरंगळला. गोल जॉन्सनच्या नावावर लागला आणि सामना तेवढ्यावरच, 1–0 असा संपला. पुतण्या लहानपणापासून युनायटेडचा. तो म्हणाला, "काका, तुम्ही अजून त्या अमोरीमचीच बाजू घ्यायलात?"

बाजू घेण्यासारखे आकडे नव्हते, हे मान्य करतो. रुबेन अमोरीम नोव्हेंबर 2024 मध्ये युनायटेडचा मॅनेजर म्हणून आला आणि हंगाम संपला तेव्हा त्याच्या हाताखालच्या 27 प्रीमियर लीग सामन्यांत युनायटेडला 7 विजय, 6 बरोबऱ्या आणि 14 पराभव, म्हणजे विजयाला तीन आणि बरोबरीला एक या हिशेबाने सामन्यागणिक नेमका एक गुण मिळाला होता. संघ पंधरावा आला. गंमत अशी, की चषक जिंकणारा टॉटनहॅम 22 पराभवांसह सतरावा होता, आणि त्या विजयानंतर 16 दिवसांनी त्यांचा मॅनेजर अँज पोस्टेकोग्लूची हकालपट्टी झाली. तो घरंगळलेला चेंडू शॉच्या अंगावरून दुसरीकडे गेला असता, तर या दोन माणसांविषयी आपण काय बोललो असतो, असा प्रश्न मी पुतण्याला विचारला. त्याला तो त्या रात्री आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी जुन्या दिनदर्शिकेच्या पानाच्या दहा चिठ्ठ्या केल्या. चारांवर विजय, तिघांवर बरोबरी आणि तिघांवर पराभव लिहून त्या स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि पुतण्याला एकेक काढून परत टाकायला सांगितले. हा संघ सामन्यागणिक सरासरी दीड गुण मिळवणारा, म्हणजे बऱ्यापैकी चांगला, आणि तो कधीच बदलत नाही. त्याचा मॅनेजर तोच, खेळाडू तेच, डबा तोच. पहिल्या दहा चिठ्ठ्यांत त्याला 9 गुण मिळाले आणि दुसऱ्या दहांत 20. पहिल्या दहानंतर वर्तमानपत्रांनी मॅनेजरला घरी पाठवले असते आणि दुसऱ्या दहानंतर त्याचा पुतळा उभारायची भाषा केली असती.

हिशेब मांडला तर यात नवल काही नाही. अशा संघाला दहा सामन्यांत सरासरी 15 गुण मिळतात खरे, पण त्यात चार गुणांचा चढउतार अगदी सहज होतो. पूर्ण 38 सामन्यांच्या हंगामातही 57 च्या दोन्ही बाजूंना आठेक गुणांची तफावत निव्वळ चिठ्ठ्यांच्या खेळामुळे पडू शकते. सलग पाच सामने विजयाविना जाणे आपल्याला संकट वाटते, पण या डब्यात तीनपैकी साधारण दोन हंगामांत एकदा तरी तसे होणारच.

येथपर्यंत ऐकून पुतण्याने मला बरोबर पेचात पकडले. तो अभियांत्रिकीला आहे. दीड गुणांच्या संघाला 27 सामन्यांत 27 किंवा त्याहून कमी गुण मिळण्याची शक्यता किती, हे त्याने काढले, आणि उत्तर शंभरात दोनाच्या आसपास आले. म्हणजे नशिबाचे कारण पुरत नाही, डबाच खराब आहे, असे त्याचे म्हणणे. त्याला मी युर्गेन क्लॉपचा 2014–15 चा अर्धा हंगाम दिला. त्याचा जर्मनीतला संघ डॉर्टमुंड तेव्हा हिवाळी सुट्टीला 17 सामन्यांत 15 गुण घेऊन सतराव्या क्रमांकावर होता. तोच हिशेब लावला आणि क्लॉपही तितकाच नापास झाला. त्याच माणसाने पुढे लिव्हरपूलला 2019 मध्ये चॅम्पियन्स लीग आणि 2020 मध्ये 99 गुणांनी प्रीमियर लीग जिंकून दिली. शिवाय युरोपातल्या पाच मोठ्या लीगांत मिळून शंभराच्या आसपास संघ खेळतात, तेव्हा शंभरात दोन अशी आपत्ती दर वर्षी कोणा दोघांवर कोसळणारच, आणि आपली नजर जाते ती नेमकी त्यांच्यावरच. गुणांच्या तक्त्यातून डबा दिसत नाही. फक्त निघालेल्या चिठ्ठ्या दिसतात.

डब्यात डोकावण्याची त्यातल्या त्यात बरी सोय म्हणजे अपेक्षित गोल. पूर्वी त्याच जागेवरून, त्याच कोनातून, पायाने किंवा डोक्याने मारलेल्या हजारो फटक्यांपैकी किती गोलात गेले, यावरून प्रत्येक फटक्याची किंमत ठरते. गोल म्हणजे रुपया धरला, तर पेनल्टी पाऊण रुपयाहून थोडी जास्त, सरासरी फटका दहा पैशांचा आणि लांबून हाणलेला दोन-चार पैशांचा. आमच्याकडे गावाची पैसेवारी पन्नासच्या आत आली की दुष्काळ मानण्याची जुनी रीत आहे, त्यामुळे ही भाषा पुतण्याला समजवावी लागली नाही.

या पैशांच्या हिशेबात सर्वांत बोलका हंगाम मला मॅनेजर ग्रॅहम पॉटरच्या ब्रायटनचा, 2020–21 चा वाटतो. 22 फेब्रुवारी 2021 ला घरच्या मैदानावर त्यांनी क्रिस्टल पॅलेसवर 25 फटके मारले. पॅलेसने तीन मारले, त्यांतले दोन गोलात गेले, आणि दुसरा गेला तो 95 व्या मिनिटाला. पाचच दिवसांनी वेस्ट ब्रॉमविच अल्बियनविरुद्ध ब्रायटनला दोन पेनल्टी मिळाल्या. एक आडव्या खांबावर आदळली, दुसरी उभ्या खांबावर, आणि सामना 1–0 असा हातचा गेला. दीड रुपया खांबांवर वाया. त्या हंगामात ब्रायटन 41 गुणांसह सोळावा आला, पण अपेक्षित गोलांच्या तक्त्यात तो वरच्या अर्ध्यात होता. मालकांनी पॉटरला ठेवले आणि पुढच्या वर्षी त्याच माणसाने 51 गुणांसह संघ नववा आणला.

मात्र पॉटरचे पुराण येथेच संपवणे सोयीचे असले तरी प्रामाणिक नाही. सप्टेंबर 2022 मध्ये चेल्सीने त्याला नेले, 31 सामन्यांत 12 विजय मिळाले आणि एप्रिल 2023 मध्ये काढून टाकले. ज्याचे नशीब एकदा खोटे निघाले, त्याचे प्रत्येक अपयश नशिबावर ढकलता येत नाही. संघ वर्षानुवर्षे संधी निर्माण करून वाया घालवत असेल, तर आघाडीच्या खेळाडूंचे पाय तपासायला हवेत. युनायटेडला पुढे ढीगभर चषक जिंकून देणाऱ्या मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्ग्युसनच्या दाखल्याचाही मला कंटाळा आला आहे. 1989–90 मध्ये युनायटेड तेरावा होता, क्लबने धीर धरला, हे खरे. पण धीर धरून बुडालेल्या क्लबांची गोष्ट कोण सांगतो?

मग मॅनेजर बदलल्यावर संघ उसळी मारतो त्याचे काय? फेब्रुवारी 2017 मध्ये लेस्टरने मॅनेजर रानिएरीला काढले आणि पुढचे पाच लीग सामने ओळीने जिंकले. माझा भाऊ, म्हणजे पुतण्याचे वडील, सोयाबीनच्या एकरी उताऱ्याविषयी जे म्हणतो ते येथे लागू पडते: बियाणे बदलले आणि उतारा वाढला, तर आधी धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याला विचारावे, की जुन्याच बियाण्यावर त्याला किती झाले. बास टेर वील या अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँड्सच्या अव्वल लीगमधल्या 1986 ते 2004 च्या सामन्यांवर हेच केले. तितकेच घसरूनही प्रशिक्षक न बदललेले संघ त्याने बदललेल्या संघांशेजारी ठेवले, आणि दोघेही जवळपास सारखेच सावरले. पाऊस दोघांच्याही शिवारात पडला होता.

पुतण्याला हे पटले की नाही, ते कळायला मार्ग नाही. परवा तो डबा घेऊन बसलेला दिसला. विजयाच्या दोन चिठ्ठ्या काढून त्याने पराभवाच्या दोन टाकल्या होत्या. "आता हा युनायटेड," असे म्हणून त्याने हात घातला आणि पहिलीच चिठ्ठी विजयाची निघाली. त्याने ती उलटी धरून पुन्हा एकदा वाचली, मग डब्यात परत टाकली आणि डबा जोरात हलवला.